जाते गहाण घेऊ नका : जुने धर्मनियम आणि आपले आजचे जगणे



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या सगळ्या बचत गटांना आणि रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या बायाबापड्यांना रामराम, जय भीम, सलाम आणि येशूच्या नावाने नमस्कारही. मुद्दामच सगळे नमस्कार एकदम केले, कारण आजचा विषय सगळ्यांच्या घरातला आहे. घराघरांत जुने नियम असतात. हे शिवायचे नाही, ते खायचे नाही, या दिवशी अमुक करायचे नाही. सासू सांगते, सून पाळते, नात विचारते, "पण का?" मग जुना नियम पाळायचा की सोडायचा, यावरून घरात धुसफूस सुरू होते.

आज आपण असेच काही फार जुने नियम पाहू. ते आपल्या मुलखातले नाहीत. इस्राएल नावाच्या लोकांचे, म्हणजे यहुदी लोकांच्या पूर्वजांचे आहेत. तुम्ही म्हणाल, कुठले इस्राएल आणि कुठले शिरूर-दौंड! पण हे नियम आपल्या दारापर्यंत आलेले आहेत, आणि ते आणण्यात बायकांचा मोठा हात आहे.

दौंड तालुक्यातले केडगाव आपल्याला माहीत आहे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली आणि विधवा यांना रमाबाईंनी इथे आणले आणि आसरा दिला. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या पंडिता. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत यावे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. मुळातून सगळे भाषांतर केले. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे मुक्तीतल्या बायकाच करत. १९२२ साली रमाबाई वारल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल बाहेर आले. त्या बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत इस्राएल लोकांचे हे नियम आहेत. म्हणजे आपल्या तालुक्यात एका बाईने ते मराठीत लिहिले आणि बायकांनी ते छापले.

आता हे नियम होते तरी काय? यहुदी लोक या पाच पुस्तकांना तोरा म्हणतात. परंपरेने त्यांत ६१३ आज्ञा मोजल्या आहेत. मोशे नावाच्या पुढाऱ्याच्या हातून देवाने त्या दिल्या, अशी श्रद्धा आहे. काही आज्ञा पूजेच्या, काही खाण्यापिण्याच्या, काही शेतीच्या, काही कर्जाच्या, लग्नाच्या, वारसाच्या. मिसरात गुलामी भोगून सुटलेले, मेंढरे राखणारे आणि शेती करणारे हे लोक. त्यामुळे त्यांच्या नियमांत बैल आहे, खळे आहे, जाते आहे, विहीर आहे. आपल्याला ते परके वाटत नाहीत.

हे नियम मराठी घरात प्रत्यक्ष कसे पाळले गेले, हे पाहायचे तर कोकणात जावे लागेल. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की फार पूर्वी तिथे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्माची पुस्तके समुद्रात गेली. हे लोक कोकणातल्या गावांत राहिले, घाण्यावर तेल काढू लागले, मराठी बोलू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. शनिवारी मात्र ते घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

पुस्तक नाही, देऊळ नाही, धर्मगुरू नाही. मग धर्म टिकला कशात? शनिवारच्या सुट्टीत, आठव्या दिवशीच्या मुलाच्या सुंतेत, तोंडी राहिलेल्या एका प्रार्थनेत आणि स्वयंपाकघरात. त्याची एक गोष्ट हा समाज सांगतो. डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी तिथे आला. हे लोक खरेच आपले का, हे त्याला पाहायचे होते. त्याने घरातल्या बायकांना वेगवेगळी मासळी आणून दिली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही," म्हणाल्या. तोराचा नियम नेमका तोच आहे : ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच खायचा. पाहुण्याची खात्री पटली. म्हणजे जो धर्म कागदावर उरला नव्हता, तो चुलीपाशी उरला होता.

पुढे त्यांनी मुंबईत १७९६ साली पहिले प्रार्थनाघर बांधले. आपल्या पुण्यात रास्ता पेठेतही त्यांचे प्रार्थनाघर आहे. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. त्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकर करताना दिसतात. नवस फेडताना हे लोक मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, फळे. नियम इस्राएलचा आणि ताट कोकणचे. आता यातले बरेच जण इस्राएल देशात राहायला गेले आहेत, थोडे इथे आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

एवढी ओळख झाली. आता त्या नियमांतले आपल्या गटांच्या उपयोगाचे पाहू. मी कर्जापासून सुरुवात करते, कारण आपल्या बैठकीत सगळ्यांत जास्त बोलणे त्याचेच असते.

अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात कर्जाबद्दल चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, कर्जापोटी कुणाचे जाते गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नये. का? जाते नेले तर त्या घरात दळण होणार नाही, म्हणजे तुम्ही त्या माणसाचा जीवच गहाण घेतला. दुसरी, गहाण वस्तू आणायला सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि त्याने जे आणून दिले ते घ्यावे. तिसरी, गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर दिवस मावळायच्या आत परत द्यावे, नाही तर तो रात्री काय घेऊन झोपेल? चौथी, विधवेचे वस्त्र गहाण घेऊच नये.

मैत्रिणींनो, सावकारी म्हणजे काय हे आपल्या मुलखाला सांगावे लागत नाही. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्यानंतर १२ मे १८७५ ला दौंडच्या शेजारच्या सुपे गावात शेतकरी उठले, आणि गावोगावी कर्जखते काढून जाळली गेली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यानंतर इंग्रज सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. घरातली भांडी, बैल आणि जमीन जाते तेव्हा माणूस कुठवर सोसतो, हे आपल्या पणजोबांनी दाखवून दिले.

आजचा कायदा काय म्हणतो, हेही माहीत असू द्या. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आहे. कोर्टाच्या हुकुमाने जप्ती आली, तरी अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती लागणारी गुरे आणि बियाणे यांनाही संरक्षण आहे. जी वस्तूच कर्जाला तारण म्हणून लिहून दिली आहे तिची गोष्ट वेगळी. पण हा विचार तोच जात्याचा विचार आहे : कर्ज वसूल करा, पण जगण्याचे साधन उचलू नका.

आणि घरात शिरू नका, या नियमाचे काय? आज गावात छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांची माणसे येतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी करायची. कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा तिथे आली नाही, तरच घरी यायचे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही, शिवीगाळ करायची नाही. अशा कर्जाला तारण मागायचे नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. रात्री आठ वाजता कुणी दारात येऊन आवाज चढवत असेल, तर हे नियम तोंडपाठ असलेली एक बाई गटात असावी.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. आपला गटही कर्ज देतो. हप्ता चुकला की आपणच चार-पाच जणी मिळून एखादीच्या घरात शिरतो का? तिची शिलाई मशीन, तिची शेळी "हप्ता देईपर्यंत राहू दे आमच्याकडे" म्हणून आणतो का? मशीन नेली तर ती हप्ता कशातून भरणार? तिचे जाते तेच आहे.

आता शेतातले नियम. इस्राएल लोकांना आज्ञा होती की पीक काढताना बांधापर्यंत, कोपऱ्यापर्यंत सगळे कापू नये, आणि खाली पडलेले वेचू नये. ते गरिबाला, विधवेला, परक्याला ठेवावे. आपल्याकडे याला सरवा म्हणतात. बायबलात रूथ नावाची एक परमुलखातली विधवा आहे. ती आणि तिची सासू अशाच सरव्यावर तगल्या. खळ्यात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, असाही नियम आहे. जो राबतो त्याने चार दाणे खाल्ले तर खाऊ द्यावेत. आणि रोजंदारीवाल्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. कांदा काढायला, खुरपायला जाणाऱ्या आपल्या कितीजणींची मजुरी "आठवड्याने बघू" म्हणून अडकते! आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे शेत आहे, त्या दुसऱ्या बाईची अडकवतात का, हेही पाहावे.

शनिवारच्या सुट्टीचा नियमही नीट वाचण्यासारखा आहे. सहा दिवस काम, सातवा दिवस विसावा. तो एकट्या मालकाला दिलेला नाही. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरेढोरे, दारी आलेला परका, सगळ्यांची नावे घेऊन सांगितले आहे. त्या यादीत बायकोचे नाव मात्र नाही. त्यावर जाणत्यांनी बरीच चर्चा केली आहे. पण बाईच्या नजरेने एक गोष्ट लगेच दिसते : शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणजे शुक्रवारी दुप्पट रांधायचे. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत आणि त्या दिवशी बाई पहाटेपासून पुरणपोळ्या लाटते, तसेच. गळीत हंगामात उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला तर महिनोन्‌महिने एक दिवस मिळत नाही. विसाव्याचा नियम धर्मात असो वा कायद्यात, तो घरातल्या बाईपर्यंत पोचतो का, हे आपणच तपासायचे.

आणखी एक छोटा नियम. नवे घर बांधले तर धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे कुणी पडून तुझ्या घरावर खुनाचा दोष येणार नाही. तिथे लोक धाब्यावर झोपत, धान्य वाळवत. आपल्याकडे आज धाब्याहून मोठे धोके आहेत. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की आत पडलेले लेकरू वर चढू शकत नाही. कोरडी पडलेली बोअरवेल उघडीच राहते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बंद बोअरवेल बुजवण्याबद्दल आणि तोंड झाकण्याबद्दल आदेश दिले आहेत. कुंपण घालणे, तळ्यात गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब सोडून ठेवणे, हा आजचा कठडा. त्याला धर्म कोणता, असे विचारायची गरज नाही.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट सांगते. ती पाच बहिणींची आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा. बाप वारला, भाऊ नाही. जमीन वाटायची वेळ आली तेव्हा नियमाप्रमाणे मुलींना काहीच नव्हते. या पाचजणी मोशेसमोर, पुजाऱ्यासमोर, सगळ्या पंचांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता, एवढ्यासाठी त्याचे नाव का पुसायचे? आम्हालाही वाटा द्या. मोशेने स्वतः उत्तर दिले नाही. त्याने तो प्रश्न देवापुढे ठेवला. उत्तर आले की मुली बरोबर बोलत आहेत. तेव्हापासून नियम झाला : मुलगा नसेल तर वारसा मुलीला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. काही अध्याय पुढे त्यांच्या भावकीतले पुरुष तक्रार घेऊन आले. या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आपली जमीन बाहेर जाईल! मग अट आली की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे, आणि त्या चुलतभावांच्या घरी गेल्या. ओळखीचे वाटते ना? "पोरगी परक्या घरची, जमीन दुसऱ्या गावात जाईल" हे वाक्य तेव्हापासून चालत आले आहे.

आपल्या कायद्याने या वाक्याला उत्तर दिले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सगळ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख यांनाही हा कायदा लागू आहे. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली बाप हयात होता की नव्हता, याने मुलीचा हक्क जात नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. ख्रिस्ती आणि यहुदी कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यातही मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल मुलीला आज भाऊ असला तरी वाटा मिळतो. जुन्या नियमाच्या पुढचे पाऊल आजच्या कायद्याने टाकले.

तरीही सातबाऱ्यावर बहिणीचे नाव किती ठिकाणी दिसते? भाऊ लग्नाला, बाळंतपणाला, सणाला बोलावतो आणि एक दिवस हक्कसोडपत्रावर सही मागतो. सही करायची की नाही, हे ज्या त्या बहिणीने ठरवावे. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. पण कागद वाचून घ्या, घरी नेऊन चार दिवस विचार करा. एकदा नोंदणी झालेले हक्कसोडपत्र फिरवणे फार अवघड असते.

आता अवघड भाग. या जुन्या नियमांत सगळेच गोड नाही. गुलाम ठेवण्याचे नियम आहेत, दगडमाराची शिक्षा आहे. पाळीच्या दिवसांत बाई सात दिवस अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, असेही लिहिले आहे. पण त्याच अध्यायात पुरुषांच्या शरीरस्रावाबद्दलही तसेच नियम आहेत, आणि बाईला घराबाहेर बसवा असे त्यात म्हटलेले नाही. यातले बरेचसे नियम यरुशलेमच्या मंदिरात जाण्याशी जोडलेले होते. इसवी सन ७० मध्ये ते मंदिर पडले. तेव्हा यज्ञ थांबले आणि शुद्धतेचे पुष्कळ नियमही थांबले. धर्म मात्र संपला नाही. ख्रिस्ती लोकांच्या पहिल्या पिढीनेही बसून विचार केला आणि ठरवले की इतर समाजांतून येणाऱ्यांवर सुंतेचे बंधन घालायचे नाही. म्हणून केडगावातली ख्रिस्ती बाई आणि अलिबागची यहुदी बाई एकच पुस्तक वाचतात, पण एक कोलंबी खाते आणि दुसरी खात नाही. दोघींचीही श्रद्धा खरी असू शकते.

नियम आंधळेपणाने लावला की काय होते, हे बेने इस्राएल लोकांनी सोसले आहे. १९६० च्या सुमारास, इस्राएल देशात गेलेल्या या मराठी कुटुंबांबद्दल तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली. कोकणात पूर्वी काडीमोड झाले असतील, विधवांची लग्ने झाली असतील, ती काटेकोर धर्मनियमांप्रमाणे झाली होती का? मग लग्नाआधी आई, आजी, पणजी यांची चौकशी होऊ लागली. ज्या बायकांनी पुस्तक नसताना धर्म राखला, त्यांच्याच लेकीसुनांच्या लग्नांवर प्रश्नचिन्ह! लोकांनी निदर्शने केली, रस्त्यावर बसले. १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत.

म्हणून जुना नियम समोर आला की गटात तीन प्रश्न विचारा. हा नियम मुळात कुणाला जपण्यासाठी होता? आज तो कुणाला जपतो आणि कुणाला दुखवतो? आणि ज्या बाईवर तो लागतो, तिला कुणी विचारले का? जात्याचा नियम या प्रश्नांना टिकतो. मजुरीचा टिकतो, कठड्याचा टिकतो. पाळीत पोरीला गोठ्यात बसवण्याची रीत टिकत नाही, मग ती कुठल्याही धर्माच्या नावाने आलेली असो. आणि प्रश्न विचारला म्हणून देव कोपतो असे कुणी म्हणाले, तर त्या पाच बहिणींची गोष्ट सांगा. त्यांनी सगळ्यांसमोर प्रश्न विचारला होता, आणि त्यांच्या नावांसकट तो त्या पवित्र पुस्तकातच लिहून ठेवला आहे.

पुढच्या बैठकीत एवढे करा. गटाच्या कर्जाच्या नियमांत एक ओळ घाला : हप्ता थकला तरी कुणाचे कमाईचे साधन आणायचे नाही आणि रात्री कुणाच्या घरी जायचे नाही. गावातली उघडी बोअरवेल आणि कुंपण नसलेली शेततळी यांची यादी करून ग्रामसभेत द्या. आणि प्रत्येकीने आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा एकदा काढून वाचा. आपले नाव कुठे आहे, कुठे नाही, ते बघा. मग पुढच्या भागात त्यावरच बोलू.